साडेसव्वीसचा गोल

एल्व्हियोला कारखान्यात कोणी एल्व्हियो म्हणत नसे. साडेसव्वीस म्हणत. ते त्याच्या पायाचं माप होतं. टाचेपासून अंगठ्यापर्यंत साडेसव्वीस सेंटिमीटर, रुंदी अठ्ठ्याण्णव मिलिमीटर, आणि दोन्ही पाय सारखे. दोन्ही पाय सारखे असलेला दुसरा माणूस मला बूट बनवण्याच्या सगळ्या आयुष्यात भेटला नाही.

इटलीतल्या आमच्या मोंतेबेल्लूनात स्कीचा नवा बूट आधी याच एका मापात बनतो. तो जमला तरच बाकीच्या मापांचे साचे कोरतात. म्हणून प्रत्येक कारखान्याला त्या मापाचा एक जिवंत पाय पदरी ठेवावा लागतो. आमच्या कारखान्याचा पाय एल्व्हियो.

त्याचं काम असं. नमुना आला की आतला मऊ बूट काढून ठेवायचा आणि नुसत्या मोज्यानं प्लॅस्टिकच्या कवचात उभं राहायचं. बोटं पुढे टेकवायची. मग टाचेच्या मागे हाताचं बोट घालायचं. दोन बोटं गेली तर बूट आरामाचा. एकच गेलं तर कामाचा. मग मऊ बूट परत आत घालून, बकलं आवळून तो तासभर टेबलापाशी उभ्यानं काम करी. सोमवारी तोच बूट घेऊन डोंगरावर जाई, पंधरा वेळा उतरे, आणि मंगळवारी सकाळी कवचाच्या तळाशी, मऊ बुटाखाली, गिऱ्हाईक जिथे कधी बघत नाही तिथे, लाल मेणाच्या पेन्सिलीनं एक खूण करी. गोल म्हणजे चालेल. फुली म्हणजे नाही.

ते कवच मग माझ्याकडे येई. मी प्लॅस्टिकची कवचं ओतणाऱ्या प्रेस नंबर चारचा मुख्य होतो. एका मापाच्या साच्याचं वजन चारशे किलो. साखळीच्या कप्पीनं तो उचलायचा, दोघांनी मिळून बसवायचा, त्याला अडीच तास. सुरू करण्याआधी मी कवचात हात घालून खूण बघत असे. गोल नसेल तर साचा चढत नसे. ही रीत जुन्या मालकांनी घालून दिली होती. कागदावर कुठेच नव्हती.

पायाला तो असा जपे की आम्ही हसायचो. फुटबॉल बंद. नाच बंद. सप्टेंबरात मेव्हण्याच्या मळ्यात सगळे द्राक्षं तोडायला जात, तेव्हा हा खुर्ची टाकून सूचना देत बसे.

"साडेसव्वीस, दगड बघ रे, ठेचकाळशील!"

"बस बस, तुझ्या पायावर आमची पोटं आहेत."

त्याची बायको देल्फिना म्हणे, "लग्नात यानं माझा हात धरला, पण नजर स्वतःच्या पायावर होती."

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो कॅलिपरनं पाय मोजी. सकाळीच. संध्याकाळी पाय सुजतो, संध्याकाळचं माप खोटं, असं म्हणे.

मी त्याच्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान. सोळाव्या वर्षी कारखान्यात लागलो. विशीत असताना मला बूट त्यानंच बसवून दिला. मला उभं केलं आणि चारही बकलं शेवटच्या दातापर्यंत आवळली.

"दुखतंय?"

"दुखतंय."

"कुठे?"

"सगळीकडे."

"मग बरोबर आहे. एकाच जागी दुखलं तर माझी चूक. सगळीकडे दुखतंय म्हणजे तू आळशी आहेस. घाल रोज एक तास घरी."

मी दोन महिने घरी रोज एक तास घातला. घालताना शिव्या, काढताना शिव्या. एका जागी हाड टेकत होतं तिथे त्यानं कवच तापवून मिलिमीटरभर बाहेर ढकललं, पुन्हा घासलं, पुन्हा तापवलं. चार रविवार गेले त्यात. पाचव्या रविवारी मी उतारावर उभा राहिलो आणि मनात डावीकडे म्हटलं तर स्की डावीकडे गेली. पाय आत हलत नव्हता. मग मला कळलं तो कशाबद्दल बोलत होता.

त्याचं म्हणणं सोपं होतं. टाच आत जितकी उचलते तितकी स्की उशिरा ऐकते. सोय दुकानात कळते आणि पकड डोंगरावर. दोन्हीचं वजन करायचं आणि मग घ्यायचं.

पण तो हेकट नव्हता, हे सांगायला हवं. माझी बायको ओनोरिना बुटांवरून नेहमी कटकट करी. गाड्या लावायच्या जागी मी उघड्या दारात बसून पंधरा मिनिटं बकलांशी झुंजायचो आणि ती थंडीत उभी. एकदा ती त्याला म्हणाली, "मी वर्षातून चार दिवस जाते, एल्व्हियो. त्यातला एक दिवस बूट घालण्यात घालवू का?"

"अजिबात नको," तो म्हणाला. "तू दोन बोटांचा घे. त्यात लाज कसली? फक्त तो काय आहे ते माहीत असू दे."

एवढंच त्याचं तत्त्व. बूट काय आहे ते घालणाऱ्याला माहीत असलं पाहिजे. गोल आणि फुली त्यासाठीच. मी ते तत्त्व त्याच्याकडून उचललं आणि त्याच्यापेक्षा घट्ट धरून ठेवलं.

मागून उघडणारे बूट आले तेव्हा जुने मालक वारले होते आणि त्यांचा मुलगा गास्तोने खुर्चीवर होता. नव्या बुटाला पुढे बकल नव्हतं. मागचा भाग दारासारखा उघडायचा, पाय सपातेत सरकवावा तसा सरकवायचा, मागची एक कळ दाबायची, झालं. वाकायला नको, ओढायला नको. शेजारच्या कारखान्यातून असे बूट ट्रक भरभरून उत्तरेला जात होते. गास्तोनेला झोप येईना. पंच्याऐंशीच्या उन्हाळ्याच्या शेवटी, ऑगस्टअखेर, आमचाही नमुना तयार झाला. लाल रंग, बाजूला पांढरा पट्टा, आणि मोठ्या अक्षरात 'शर्यत'.

आम्ही पहिल्या दिवसापासून त्याला सपात म्हणू लागलो.

उन्हाळ्यात बर्फ वर हिमनदीवरच असतो. एल्व्हियो दोन दिवस वर राहून आला. मंगळवारी फुली.

गास्तोने स्वतः नमुन्याच्या खोलीत उतरला. मी तिथेच होतो, कवच न्यायला आलो होतो.

"काय झालं?"

"टाच उचलते. चार मिलिमीटर."

"चार मिलिमीटर कोणाला कळतात?"

"मला."

"तू गिऱ्हाईक आहेस का? गिऱ्हाईक दुकानात पाच मिनिटं असतं, एल्व्हियो. पाय घातला, बरं वाटलं, पैसे टाकले, गेलं."

"मग विका की. मी कुठे नको म्हणतो? छान सपात आहे. बायकोला मी पण घेऊन देईन. पण मग त्यावरचं 'शर्यत' पुसा."

"ते पुसलं तर पुरुष घेणार नाहीत."

"मग फुली."

गास्तोने माझ्याकडे वळला. शाळेत आम्ही एका वर्गात होतो. "तार्चीझियो, तू साचा चढव."

"फुली आहे, मालक."

"मी सांगतोय."

"तुमच्या वडिलांनी सांगितलंय ते आधीचं आहे."

दुसऱ्या दिवशी मला प्रेस चारवरून काढून मागच्या शेडमध्ये भंगार दळायला टाकलं. फसलेली कवचं, साच्यातून निघालेल्या दांड्या, सगळं यंत्रात टाकायचं आणि दाणे करायचे. पोतं पंचवीस किलोचं, पाळीला साठ पोती. यंत्राचा आवाज असा की रात्री उशीवरही ऐकू येई. कानात कापूस घालायचो, त्यानं काही होत नसे. माझा डावा कान त्या शेडमध्ये गेला.

प्रेसवर माझ्या जागी दुसऱ्याला उभं करायचा प्रयत्न झाला. तोही साच्याला हात लावेना. मी शेडमध्ये आहे तोवर प्रेसवरचं कोणीच लावणार नाही, असं त्यांचं ठरलं होतं. अकरा जण. आम्ही संप केला नव्हता. बाकी सगळं काम करत होतो. तो एक साचा फक्त चढत नव्हता.

एल्व्हियो रोज दुपारी डबा घेऊन शेडमध्ये यायचा. यंत्र बंद करून आम्ही पोत्यांवर बसून खायचो. मक्याच्या पिठाचा थंड पोलेंता, चीज, कधी सॉसेजचा तुकडा.

"तू हट्ट सोड, तार्चीझियो," तो एकदा म्हणाला.

"तू फुली पुसलीस का?"

"नाही."

"मग मी कशाला सोडू?"

त्यानं डब्याचं झाकण लावलं. मला वाटलं त्याला भरून आलं.

नऊ आठवडे असे गेले. नोव्हेंबरात एका सकाळी गास्तोनेचा निरोप आला की प्रेस चारवर परत ये. गेलो तर फळीवर लाल कवच ठेवलेलं. मऊ बूट काढून आत बघितलं. गोल होता. एल्व्हियोचाच. वरून सुरू करून उजवीकडून फिरवलेला, टोकं जुळलेली. त्याचा हात मी चुकणं शक्य नव्हतं.

मी नमुन्याच्या खोलीत गेलो. "काय बदललं?"

तो घासपट्टी चालवत होता. वर न बघता म्हणाला, "आत एक तार घातलीय. पायावरून जाते, कळ दाबली की आवळते. टाच बसली."

"पूर्ण?"

"गोल बघितलास ना?"

बघितला होता. मी साचा चढवला. अडीच तास लागले. त्या दिवशी प्रेसवर ग्राप्पाची, द्राक्षांच्या दारूची, बाटली फिरली. आम्ही जिंकलो असं आम्हाला वाटत होतं. फुलीमुळे मालकाला बूट सुधारावा लागला, असं अकराही जण घरी सांगत होते. मीही ओनोरिनाला तेच सांगितलं.

दर फेब्रुवारीत आमच्याकडे कारखान्यांची शर्यत असते. फक्त कामगारांची. नियम एकच, आपल्या कारखान्यात बनलेला बूट घालून उतरायचं. हरणारा कारखाना सगळ्यांना पोलेंता आणि सॉसेज वाढतो. वाढायला मालकांना उभं राहावं लागतं, म्हणून मालक शर्यतीत आमच्यापेक्षा जास्त रस घेत. आमच्याकडून पाच जण उतरत. मी त्यातला दुसरा. पोडियमवर दोनदा उभा राहिलो होतो.

श्याऐंशी साली गास्तोनेनं सांगितलं, या वर्षी पाचही जण नवा बूट घालतील. माझे जुने बूट चौदा हिवाळे चाललेले, पायाच्या कातडीइतके माझे. मी दोन्ही जोड घेऊन शनिवारी सकाळी एल्व्हियोकडे गेलो. तो अंगणात लाकडं रचत होता.

"उद्याचा उतार गोठलेला आहे," मी म्हणालो. "मालक काय वाट्टेल ते म्हणू देत. मी जुने घातले तर मला काढून तर टाकणार नाहीत. तू सांग. कोणते?"

त्यानं लाल बूट हातात घेतला. कळ उघडली, मिटली, परत उघडली.

"एल्व्हियो, मी तुला विचारतोय."

"नवे घाल," तो म्हणाला. "गोल आहे ना."

हे शब्द मी जसेच्या तसे लिहितोय. त्या वेळी मला दोन्ही कानांनी नाही तरी एका कानानं व्यवस्थित ऐकू येत होतं.

रविवारी पहिली दोन वळणं ठीक गेली. तिसऱ्याला उतार डावीकडे झुकतो आणि तिथे निव्वळ बर्फाची काच होती. मी उजव्या पायावर वजन टाकलं. पाय वाकला, बूट वाकला, आणि टाच वर आली. मला ती उचलताना कळली. चार मिलिमीटर. स्कीला माझं म्हणणं अर्ध्या क्षणानं उशिरा पोचलं. तेवढ्यात वळणावर रोवलेली काठी आली. काठीच्या पलीकडे जाळी, जाळीत स्की अडकली, मी पुढे गेलो आणि गुडघा मागे राहिला.

लोक धावत आले. एल्व्हियो शेवटच्या रेषेपाशी थर्मास घेऊन उभा होता. तो जागेवरून हलला नाही, असं मला नंतर कळलं.

गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. त्या काळचे डॉक्टर, त्या काळची हत्यारं. त्यांनी त्यांचं काम नीट केलं. पण गुडघा काटकोनापलीकडे वाकायचा बंद झाला तो कायमचा. प्लास्टर असताना एल्व्हियो एकदाही आला नाही. देल्फिना आली, केक घेऊन. "त्याला बघवत नाही," म्हणाली. माझा विश्वास बसला. मी ओनोरिनाला म्हटलं, बिचारा स्वतःला दोष देत असेल, तार नीट बसली नसेल.

ओनोरिना म्हणाली, "तू त्याच्या बाजूनं बोलतोयस की माझ्याशी?"

एप्रिलात कुबड्या घेऊन मीच त्याच्या घरी गेलो. न सांगता. दार देल्फिनानं उघडलं. आत जाताना कुबडी टेकायला जागा बघत होतो म्हणून नजर खाली गेली. दाराशी त्याचे चपला-बूट ओळीनं ठेवलेले. रविवारचे काळे चामड्याचे, बागेतले, घरातले. काळे आडवे पडले होते. तळव्यावर नंबर. त्रेचाळीस.

हा माणूस वीस वर्षं बेचाळीस घालत होता. बूट बनवणाऱ्या गावात शेजाऱ्याचा नंबर ठाऊक असतो, जसं इतरांना शेजाऱ्याचं नाव ठाऊक असतं. मी बागेतला जोड कुबडीनं उलटला. त्रेचाळीस. पुढे बोटांपाशी चामडं रुंद ताणलेलं. झिजलेली टाच बघून मी म्हणेन, दोन वर्षं वापरलेला.

देल्फिना माझ्याकडे बघत होती. "बोलू नकोस त्याला," हळूच म्हणाली. "त्याला लाज वाटते."

तो स्वयंपाकघरात होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

कशाबद्दल, असं त्यानं विचारलं नाही. "त्र्याऐंशीपासून. आधी रुंदी वाढली. मग कमान बसली. आता सत्तावीसच्या वर गेलाय."

"आणि महिन्याच्या सोमवारी?"

"मोजायचो. आणि गप्प बसायचो."

"मग गेली दोन वर्षं तू टेस्ट करत होतास त्या बुटांचं?"

"ते बरोबर होते. पाय मोठा झाला तरी मला कळतं, तार्चीझियो. पाय घट्ट बसायचा म्हणून उलट टाच जास्त नीट कळायची. सपातेत मोठा पाय घालूनही टाच उचलत होती, विचार कर."

"म्हणजे उचलत होती."

त्यानं खुर्ची मागे सरकवली.

"तारेनंतर?"

"थोडी कमी."

"किती?"

देल्फिना सिंकपाशी पाठ करून उभी होती. तिनं नळ सोडला.

मग त्यानं सांगितलं. ऑक्टोबरात गास्तोने कॅलिपर घेऊन आला. चपला काढायला लावल्या. संध्याकाळी, मुद्दाम. दोनशे बहात्तर मिलिमीटर भरलं. गास्तोने म्हणाला, कारखान्याला साडेसव्वीसचा पाय लागतो, हा तो नाही. उद्यापासून प्रेसवर ये. किंवा एक गोल काढ आणि पेन्शनपर्यंत तुझ्या खोलीत बस, मी तुझा पाय परत कधी मोजणार नाही.

"पेन्शनला चार वर्षं होती," एल्व्हियो म्हणाला. "अठ्ठेचाळीस वय. मी परत प्रेसवर जाऊ? साचे उचलू?"

"मी प्रेसवरच होतो."

"तू तरुण होतास."

"मी प्रेसवर पण नव्हतो, एल्व्हियो. मी शेडमध्ये होतो. तुझ्या फुलीसाठी. तू ऑक्टोबरात गोल कबूल केलास आणि त्यानंतरही माझ्याशेजारी पोत्यावर बसून पोलेंता खात होतास."

"मी तुला सांगितलं होतं, हट्ट सोड."

"कारण नाही सांगितलंस."

"सांगितलं असतं तर तू गप्प बसला असतास?"

नसतो बसलो. ते खरं होतं. म्हणूनच राग जास्त आला.

"ते जाऊ दे," मी म्हणालो. "कारखान्यात काढलास गोल, काढ. पोट आहे. शनिवारी मी तुझ्या अंगणात आलो तेव्हा मालक नव्हता तिथे. कोणी नव्हतं. दोन्ही जोड माझ्या हातात होते. 'जुने घाल.' दोन शब्द. ते का नाही बोललास?"

त्यानं टेबलाची कड अंगठ्यानं घासली. "जुने घाल म्हटलं असतं तर तुला कळलं असतं."

मी उठलो. उठायला वेळ लागला, कुबडी घसरत होती. त्यानं मदतीला हात पुढे केला नाही आणि मी घेतलाही नसता.

मी अकरा जणांना काही सांगितलं नाही. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. त्यांनी माझ्यासाठी नऊ आठवडे साच्याला हात लावला नव्हता. त्यांना काय सांगायचं होतं, की तुम्ही एका मोठ्या झालेल्या पायासाठी उभे होतात?

सपात खूप खपली. नवी शेड बांधली तिच्या कमाईवर. आठ-दहा वर्षांनी लोकांना टाच कळायला लागली आणि मागून उघडणारे बूट बाजारातून गेले. ओनोरिनानं मात्र तिची जोडी पंधरा वर्षं वापरली. खुशीत. तिला काय हवं ते तिला माहीत होतं.

एल्व्हियो नव्वद साली निवृत्त झाला. मालकानं त्याच्या पायाचं लाकडी कलबूत, ज्यावर बूट घडवतात तो ठोकळा, बनवून, पितळी पट्टी ठोकून दिलं. पट्टीवर 'साडेसव्वीस'. त्या जेवणाला मी गेलो नाही. पुढे बाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर, कोणाच्या अंत्यविधीला भेट होई. तो मान हलवी. मी मान हलवी. चौतीस वर्षं तेवढंच.

मी स्की सोडली नाही. सोपे उतार, सावकाश. पण गेल्या वर्षी पायाच्या बोटांजवळच्या बकलापर्यंत हात पोचेना. गुडघा वाकत नाही आणि आता कंबरही. ओनोरिनानं दोनदा वाकून लावून दिलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "माझे गुडघे काय दुकानातून नवीन आणलेत? एक तर सोय बघ, नाही तर घरी बस."

दुकानात गेलो. दुकान चालवणारी बाई आमच्याच कारखान्यात शिलाईवर होती. तिनं मला चालताना बघितलं आणि काही न विचारता एक बूट आणून ठेवला. मागून उघडणारा. परत आलेत ते.

"आता हे पूर्वीसारखे नाहीत हं, दादा," ती म्हणाली. "खूप सुधारलेत. पकड पण आहे."

पाय सरकवला. कळ मिटली. दहा सेकंद. बरं वाटलं, हे खोटं बोलणार नाही. घेतला.

घरी जायचं सोडून गाडी एल्व्हियोच्या घराकडे वळवली. मला त्याच्याशी काही बोलायचं नव्हतं. पण खूण बघितल्याशिवाय मी आयुष्यात काही चढवलेलं नाही, आणि खूण करणारा दुसरा कोणी मला माहीत नाही.

देल्फिनानं दार उघडलं. आता ती फार वाकली आहे. तो खिडकीपाशी बसला होता, सत्त्याऐंशीचा. पायात लोकरी सपाता, दोन्ही बाजूंनी कात्रीनं चिरलेल्या.

मी बूट त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं विचारलं नाही. मऊ बूट उपसून काढला, कवचाच्या कडा अंगठ्यानं दाबल्या, कळ चारपाच वेळा उघडली-मिटली, कान लावून ऐकलं. मग मला म्हणाला, "घाल."

मी उभ्यानं घातला. त्यानं टाचेमागे बोटं घातली. हात थरथरत होता, पण बोटं कुठे घालायची ते विसरला नव्हता. दोन गेली. मग मऊ बूट आत घालून परत घालायला लावला, गुडघा पुढे ढकलायला लावला, जेवढा जातो तेवढा. टाचेवर बाहेरून तळवा धरून ठेवला.

"उचलते."

"किती?"

"चार."

कोणी न सांगता देल्फिनानं ड्रॉवर उघडला. लाल पेन्सिलीचा अंगठ्याएवढा तुकडा. मी बूट काढून दिला. त्यानं तळाशी फुली मारली. दोन रेघा, दोन्हीला वेळ लागला.

"ही मला पंच्याऐंशीच्या नोव्हेंबरात हवी होती," मी म्हणालो.

"माहीत आहे."

"आता मला गोल हवा होता, साडेसव्वीस. आता दुसरा बूट माझ्या पायात जात नाही. तुझ्यामुळे."

"मग घाल हा. फुलीचा बूट घालू नये असं मी कधी म्हटलंय? काय आहे ते माहीत असू दे, म्हणजे झालं."

हेच वाक्य. मी पेटलो. इतर कोणी ते बोललं असतं तर मी मान डोलावली असती. त्याच्या तोंडून मला ते ऐकवलं नाही. बूट उचलला आणि निघालो. देल्फिना म्हणाली कॉफी ठेवते. नको म्हणालो. त्यानं मान हलवली. या वेळी मी हलवली नाही.

या हिवाळ्यात अकरा दिवस तो बूट घातला. सोप्या उतारावर ठीक आहे. टाच उचलते तिथे मी आधीच हळू होतो. घरी आल्यावर मऊ बूट काढून चुलीजवळ वाळवायला ठेवावा लागतो, तेव्हा फुली दिसते. ओनोरिना म्हणते, स्पिरिटनं पुसून टाक. पुसलेली नाही.

पंच्याऐंशीच्या नमुन्याचं ते लाल कवच तळघरात आहे, उजवं; साचा चढल्यावर मी ते घरी आणलं होतं. परवा ते वर आणून धूळ झटकली आणि दोन्ही कवचं टेबलावर शेजारी ठेवली. फुली वाकडी आहे, एक रेघ लांब, एक आखूड. गोल सुबक आहे. तो काढताना हात जरासुद्धा हललेला नाही.